विषाणू घरोघरी, लिम्फोमा मोजक्यांनाच: असं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिक जिल्ह्यातल्या पाचेक हजार वस्तीच्या एका गावात एकाच वर्षात दोघांना लिम्फोमा, म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग, निघाला. दोघांच्याही रक्ताच्या रिपोर्टवर ‘ईबीव्ही पॉझिटिव्ह’ असं लिहिलंय. मग गावात या विषाणूची साथ आलीय का? बाकीच्यांनी तपासून घ्यावं का? आणि मुळात विषाणूंमुळे एखाद्या लोकसंख्येतलं लिम्फोमाचं प्रमाण खरंच वाढतं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हो, वाढतं, आणि काही प्रदेशांत कित्येक पटींनी वाढतं. पहिल्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर नाही. एपस्टाईन-बार, म्हणजेच ईबीव्ही, हा विषाणू जगातल्या ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात असतोच. आपल्याकडे बहुतेक मुलांना तो शाळेत जायच्या आधीच घरच्या माणसांच्या लाळेतून मिळतो आणि किरकोळ तापापलीकडे काही कळतही नाही. त्या गावातल्या ठणठणीत माणसांची रांग लावून हीच तपासणी केली, तर जवळपास अख्खी रांग पॉझिटिव्ह येईल. म्हणून विषाणू किती जणांत आहे, यावरून लिम्फोमाचा दर सहसा कळत नाही. तो कोणत्या वयात शिरला आणि त्यानंतर त्या माणसाच्या प्रतिकारशक्तीचं काय झालं, हे विचारावं लागतं.

आधी गावाचा हिशेब उरकून घेऊ. २०२० च्या जागतिक अंदाजानुसार भारतात नॉन-हॉजकिन लिम्फोमाचे (लिम्फोमाच्या दोन मोठ्या गटांपैकी एक) वर्षाला सुमारे ३५ हजार नवे रुग्ण, म्हणजे लाखामागे अडीचच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाख होती. त्या मापाने जिल्ह्यात दरवर्षी दीडशेच्या घरात रुग्ण निघणं अपेक्षित आहे. पाच हजारांच्या गावात मात्र आठ वर्षांत एक. एकाच वर्षात दोन निघण्याची निव्वळ योगायोगाची शक्यता हजारात सात इतकी येते. हे फार कमी वाटतं खरं, पण तेवढ्याच वस्तीची ५०० गावं धरली तर दरवर्षी त्यांतल्या तीन-चार गावांत असं घडणारच. बोभाटा त्याच गावांचा होतो, उरलेल्या गावांबद्दल कुणी विचारत नाही. त्यात दुसरा गट, हॉजकिन लिम्फोमा, मिळवला तर योगायोगाची शक्यता आणखी वाढते. अशा वेळी आधी दोघांचे लिम्फोमाचे उपप्रकार बघा. एकाचा फॉलिक्युलर, म्हणजे बी-पेशींचा, आणि दुसऱ्याचा टी-पेशींचा असेल (बी आणि टी या लिम्फोसाइटच्या दोन मुख्य जाती) तर दोघांचं कारण एकच असण्याची शक्यता तिथेच जवळपास संपते. लिम्फोमा हे साठहून अधिक वेगवेगळ्या आजारांना दिलेलं एकत्र नाव आहे, आणि त्यांतल्या मोजक्याच आजारांत विषाणूचा हात आहे.

तो हात तीन तऱ्हांनी चालतो. काही विषाणू स्वतः लिम्फोसाइटमध्ये शिरून तिला वाढायला भाग पाडतात. ईबीव्ही, एचटीएलव्ही-१ आणि एचएचव्ही-८ हे या जातीचे. काही पेशीत शिरून काही न करता वर्षानुवर्षं प्रतिकारयंत्रणेला डिवचत राहतात, बी-पेशी सतत विभागत राहतात आणि एखाद्या विभाजनात गुणसूत्र चुकीचं जोडलं जातं. हेपटायटिस सी मुख्यतः असा वागतो. तिसरा एचआयव्ही. तो सहसा लिम्फोमाच्या पेशीत सापडत नाही, पण पहारा उठवतो आणि मग आधीपासून दबा धरून बसलेला ईबीव्ही मोकाट सुटतो. लोकसंख्येच्या पातळीवर कोणता उपाय लागू पडेल हे यातल्या तऱ्हेवरच ठरतं, त्यामुळे हा भेद नुसता पुस्तकी नाही.

वय आणि प्रतिकारशक्तीचा मुद्दा सर्वांत ठळक दिसतो तो आफ्रिकेत. डेनिस बर्किट या शल्यचिकित्सकाने युगांडात लहान मुलांच्या जबड्यात झपाट्याने वाढणाऱ्या गाठी पाहिल्या आणि १९५८ मध्ये त्यांचं वर्णन प्रसिद्ध केलं. १९६१ मध्ये तो दोन सहकाऱ्यांसह मोटारीने सुमारे दहा हजार मैल फिरला आणि हा आजार कुठे होतो, कुठे नाही याची नोंद करत गेला. तयार झालेला पट्टा पावसाचा आणि उष्णतेचा निघाला, म्हणजे हिवतापाचा. १९६४ मध्ये एपस्टाईन, अचोंग आणि बार यांनी याच गाठीच्या पेशींत नवा विषाणू शोधला. पण ईबीव्ही युगांडातल्या मुलांत होता, तसा लंडनमध्येही होता. पुढे युगांडात हजारो मुलांचं रक्त आधीच साठवून ठेवून त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं, तेव्हा ज्यांच्यात ईबीव्हीविरोधी प्रतिपिंडांची पातळी खूप चढी होती त्यांना पुढे हा आजार, म्हणजे बर्किट लिम्फोमा, होण्याचा धोका कितीतरी पट जास्त आढळला. म्हणजे नुसता संसर्ग पुरेसा नव्हता. विषाणू ताब्यात नसणं हा खरा धोका होता. तो ताबा सुटतो फाल्सिपेरम या परजीवीमुळे वारंवार होणाऱ्या हिवतापाने. परजीवीची प्रथिनं बी-पेशींना थेट उद्दीपित करतात, जनुकांत कापाकापी करणारं एआयडी नावाचं विकर (एन्झाइम) जास्त काम करू लागतं, त्यातून आठव्या आणि चौदाव्या गुणसूत्रांची अदलाबदल होऊन पेशींची वाढ हाकणारं मिक जनुक बेफाम होतं. आणि ईबीव्हीवर नजर ठेवणाऱ्या टी-पेशी थकलेल्या असतात. त्या पट्ट्यातल्या बर्किटमध्ये ९५ टक्क्यांहून अधिक गाठींत ईबीव्ही सापडतो, तर युरोप-अमेरिकेतल्या तुरळक बर्किटमध्ये तो १० ते ३० टक्क्यांतच असतो.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या पावसाळी आदिवासी तालुक्यांत हिवताप आहे, मग तिथे बर्किट का दिसत नाही, असं कुणी विचारेल. कारण आपल्याकडचा हिवताप हंगामी आणि विरळ आहे. आफ्रिकेच्या त्या पट्ट्यात जवळपास प्रत्येक मूल वर्षभर, पुन्हा पुन्हा फाल्सिपेरमचं ओझं वाहतं आणि तेही वयाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत, ईबीव्ही शरीरात नुकताच स्थिरावत असताना. दोन्ही संसर्ग एकाच कोवळ्या वयात भिडले तरच हा परिणाम घडतो. आपल्या मुलांत जो बर्किट दिसतो तो बहुधा तुरळक जातीचा, पोटातल्या गाठीने सुरू होणारा.

हॉजकिन लिम्फोमात वयाचा खेळ आणखी गमतीदार आहे. श्रीमंत देशांत मुलं उशिरा, पौगंडावस्थेत ईबीव्हीला सामोरी जातात. तेव्हा त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना संसर्गजन्य मोनोन्यूक्लिओसिस होतो, म्हणजे घसा, ताप, मानेला गाठी आणि महिनाभराचा थकवा. डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या मोठ्या पाहणीत मोनो होऊन गेलेल्यांत ईबीव्ही-पॉझिटिव्ह हॉजकिनचा धोका सुमारे चौपट आढळला आणि मधला काळ सरासरी चार वर्षांचा होता. ईबीव्ही-निगेटिव्ह हॉजकिनचा धोका मात्र वाढलेला नव्हता, आणि हाच त्या अभ्यासाचा सर्वांत भक्कम पुरावा. आपल्याकडे चित्र उलटं आहे. संसर्ग लवकर होतो, मोनो क्वचित दिसतो, पण लहान मुलांतलं, विशेषतः मुलग्यांमधलं हॉजकिन जास्त दिसतं, आणि भारतीय रुग्णांच्या पाहण्यांत मुलांच्या हॉजकिनमध्ये ईबीव्ही ८० ते ९० टक्क्यांपर्यंत सापडतो. पाश्चात्त्य देशांत हा आकडा सर्व वयांत मिळून ३० ते ४० टक्के आहे. राहणीमान सुधारलं की हे चित्र हळूहळू तरुणांकडे सरकतं. नाशिक शहरात कॉलेज रोडवरच्या फ्लॅटमधलं एकुलतं एक मूल आणि पेठमधल्या पाड्यावरचं सातजणांच्या झोपडीतलं मूल यांच्या वाट्याला हा विषाणू एकाच वयात येणार नाही. त्यामुळे ‘नाशिक जिल्ह्याचं हॉजकिन’ असा एकच आकडा काढून फारसं हाती लागत नाही. शहर आणि पाडे वेगळे मांडावे लागतात, आणि तेही वयोगटानुसार.

आता एचआयव्ही. लोकसंख्येचा लिम्फोमा-दर एखादा विषाणू किती वेगाने हलवू शकतो याचं याहून स्पष्ट उदाहरण नाही. १९८० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरांत तरुण पुरुषांतलं नॉन-हॉजकिनचं प्रमाण झपाट्याने चढलं, १९८५ पासून असे लिम्फोमा एड्सची व्याख्या ठरवणाऱ्या आजारांत धरले गेले, आणि १९९६ नंतर तीन औषधांचा एकत्रित उपचार आला तसा दर उतरला. पण सगळे प्रकार सारखे उतरले नाहीत, आणि आकडे वाचणारे इथेच फसतात. मेंदूतला प्राथमिक लिम्फोमा सीडी-४ (एचआयव्ही मारतो त्या टी-पेशींची रक्तातली संख्या) पन्नासच्या खाली गेल्यावर येतो आणि त्यात ईबीव्ही जवळपास शंभर टक्के असतो; एआरटीमुळे, म्हणजे याच एकत्रित उपचारामुळे, तो सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त घटला. डिफ्यूज लार्ज बी-सेल हा बी-पेशींचा झपाट्याने वाढणारा लिम्फोमा त्यामागोमाग घटला. बर्किट मात्र सीडी-४ बऱ्यापैकी असतानाही होतो, म्हणून तो फारसा हलला नाही. हॉजकिनने तर सुरुवातीच्या वर्षांत कमी होण्याचं नावच घेतलं नाही, कारण त्या गाठीला भोवती काही टी-पेशी लागतात आणि औषधांनी त्या परत आल्या.

आपल्याकडे मोफत एआरटी १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली आणि २०१७ पासून सीडी-४ कितीही असला तरी निदान होताच उपचार, असं धोरण आलं. याचा अर्थ नाशिकमध्ये १९९० च्या दशकात एचआयव्हीशी निगडित लिम्फोमा कमी दिसत असतील तर त्यावरून ‘आपल्याकडे तो होत नव्हता’ असं म्हणता येत नाही. त्या काळात रुग्ण क्षयाने आधी दगावत होता. लिम्फोमा व्हायला माणूस तेवढी वर्षं जगावा लागतो. मृत्यूच्या दुसऱ्या कारणाने झाकलेला दर उपचार सुधारताच काही काळ वर आल्यासारखा दिसतो. अशी चढण दिसली तर औषधांवर संशय घेण्याआधी हे लक्षात घ्यावं.

हेपटायटिस सी हा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला. तो असलेल्यांत नॉन-हॉजकिनचा धोका साधारण दोन ते अडीच पट असतो, त्यातही प्लीहेतल्या मार्जिनल झोन लिम्फोमासारख्या मंद जातींत जास्त. २००२ मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी प्लीहेचा असा लिम्फोमा आणि हेपटायटिस सी दोन्ही असलेल्या ९ रुग्णांना केमो न देता इंटरफेरॉनने विषाणूविरोधी उपचार दिले. ७ जणांत विषाणू गेला आणि त्याबरोबर लिम्फोमाही मागे हटला. हेपटायटिस सी नसलेल्या ६ रुग्णांत त्याच औषधाने काहीच झालं नाही. कारण-परिणाम सिद्ध करणारा इतका स्वच्छ पुरावा या क्षेत्रात क्वचित मिळतो. आज इंटरफेरॉनची गरज उरलेली नाही. राष्ट्रीय विषाणूजन्य हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रमात (सुरुवात २८ जुलै २०१८) सिरॉसिस (यकृतावर कायमचे व्रण पडून ते घट्ट होणं) नसलेल्याला सोफोसबुविर ४०० मिग्रॅ आणि डॅक्लाटासविर ६० मिग्रॅ रोज एकदा, १२ आठवडे, मोफत मिळतात. सिरॉसिस असेल तर डॅक्लाटासविरऐवजी वेल्पाटासविर. मंद लिम्फोमा असेल आणि तातडीने केमो देण्यासारखी स्थिती नसेल तर आधी हे १२ आठवडे द्यावेत आणि थांबून बघावं. झपाट्याने वाढणाऱ्या लिम्फोमात मात्र असं थांबू नये.

एचटीएलव्ही-१ आपल्या भागात दुर्मीळ आहे, तरी त्याची एक गोष्ट सांगण्याजोगी. नैर्ऋत्य जपानात, क्यूशू बेटावर, तो पिढ्यान्‌पिढ्या आईच्या दुधातून मुलाकडे जात राहिला. बाधितांपैकी साधारण तीन ते पाच टक्क्यांनाच, आणि तेही चाळीस-साठ वर्षांनी, प्रौढ टी-पेशी लिम्फोमा होतो. मोठेपणी संसर्ग झालेल्यांत तो अपवादानेच. नागासाकीत १९८७ पासून गरोदर बायकांची तपासणी करून बाधित मातांना अंगावर न पाजण्याचा सल्ला दिला गेला आणि मुलांकडे जाणारा संसर्ग सुमारे २० टक्क्यांवरून अडीच टक्क्यांवर आला. या उपायाचं फळ लिम्फोमाच्या दरात दिसायला अर्धं शतक लागणार. शिवाय जागतिक रोगवर्गीकरणाच्या (आयसीडी) दहाव्या आवृत्तीत हा आजार सी ९१.५ या क्रमांकाखाली रक्ताच्या कर्करोगात नोंदवला जातो. ज्याने फक्त लिम्फोमाच्या, सी ८१ ते सी ८६ मधल्या, नोंदी उचलल्या त्याच्या तक्त्यातून हा विषाणू अलगद गळून जातो.

एकूण लिम्फोमापैकी विषाणूचा वाटा किती, हे काढायचं साधं सूत्र आहे. लोकसंख्येतलं संसर्गाचं प्रमाण ‘प’ आणि धोका किती पट हे ‘ध’ धरा. ‘प’ ला ‘ध वजा १’ ने गुणा. आलेल्या संख्येला तीच संख्या अधिक १ ने भागा. भारतात प्रौढांतलं एचआयव्हीचं प्रमाण सुमारे ०.२ टक्के. धोका सरसकट दहापट धरला तर गुणाकार ०.०१८ येतो आणि वाटा पावणेदोन टक्के. हेपटायटिस सीचं प्रमाण अर्धा टक्का आणि धोका अडीच पट धरला तर वाटा पाऊण टक्का. आता इजिप्त घ्या. तिथे बिलहार्झिया नावाच्या जंताविरुद्धच्या सरकारी इंजेक्शन मोहिमांत सुया नीट निर्जंतुक न झाल्याने दशकानुदशकं हेपटायटिस सी पसरला. २००८ च्या सुमाराचे १५ टक्के लोक बाधित आणि धोका तोच अडीच पट धरला की वाटा १८ टक्क्यांवर जातो. विषाणू तोच, धोक्याचा पटही तोच, तरी एका देशात पाऊण टक्का आणि दुसऱ्यात जवळपास पाचवा हिस्सा. परदेशी शोधनिबंधातला टक्का उचलून नाशिकला लावू नये तो याचसाठी.

ईबीव्हीला हे सूत्र लागूच होत नाही, कारण ‘प’ सगळीकडे शंभराच्या जवळ आणि तुलनेला बाधा नसलेली माणसंच नाहीत. तिथे वेगळी वाट घ्यावी लागते: किती गाठींच्या पेशींत विषाणू प्रत्यक्ष सापडतो ते मोजायचं. त्यासाठी ऊतीवर एबर नावाची चाचणी करतात, जी गाठीच्या पेशीतला विषाणूचा आरएनए दाखवते. प्रश्नातल्या दोन रुग्णांचा रिपोर्ट रक्तातल्या व्हीसीए आयजीजी प्रतिपिंडाचा असेल तर तो बाजूला ठेवा. तो फक्त ‘लहानपणी संसर्ग झाला होता’ एवढंच सांगतो. ऊतीवरचा एबर पॉझिटिव्ह असेल तरच बोलण्यासारखं काही आहे.

एबरमध्ये चुका कुठे होतात हे नीट पाहायला हवं, कारण जिल्ह्याचा आकडा बिघडतो तो मुख्यतः इथे. आरएनए नाजूक असतो. गाठ काढल्यावर ती टेबलावर तासभर पडून राहिली, फॉर्मेलिन कमी पडलं किंवा अस्थिमज्जेचा नमुना तीव्र आम्लात मऊ केला, तर आरएनए नष्ट होतो आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो. म्हणून १० टक्के बफर केलेलं फॉर्मेलिन, गाठीच्या आकारमानाच्या किमान दहापट. मोठी गाठ चिरून टाकायची. २४ तास, फार तर ४८ तासांत पुढची प्रक्रिया. गावाकडून एसटीने आलेला, बाटलीत कसाबसा मावलेला आणि आठवडाभर त्यातच बुडालेला नमुना या चाचणीला निकामी समजा. एबर निगेटिव्ह म्हणण्याआधी त्याच नमुन्यावर पेशींचा स्वतःचा आरएनए दाखवणारी नियंत्रण चाचणी पॉझिटिव्ह आहे का ते प्रयोगशाळेला विचारा. ती नसेल तर तो निगेटिव्ह रिपोर्ट धरू नका. उलट बाजूची चूकही होते. क्षयाच्या किंवा साध्या सुजलेल्या गाठीतही इकडे-तिकडे चार-दोन लहान पेशी एबर-पॉझिटिव्ह असतातच. त्यामुळे रिपोर्टमध्ये नुसतं ‘पॉझिटिव्ह’ चालत नाही. लिम्फोमाच्या पेशींपैकी किती पॉझिटिव्ह हे लिहिलेलं हवं, आणि ईबीव्ही-पॉझिटिव्ह लार्ज बी-सेल लिम्फोमा म्हणायला त्यांतल्या बहुसंख्य पॉझिटिव्ह लागतात. हॉजकिनमध्ये रीड-स्टर्नबर्ग, म्हणजे खुद्द कर्करोगाच्या, पेशीच बघायच्या, भोवतालच्या लिम्फोसाइट नाहीत.

त्याहीआधी गाठ वेळेवर बाहेर यायला हवी. मानेला गाठ, संध्याकाळचा ताप, वजनात घट म्हटलं की आपल्याकडे पहिला विचार क्षयाचा येतो, आणि तो योग्यच आहे. घोळ होतो तो पुराव्याशिवाय क्षयाची औषधं सुरू करून चार-सहा महिने वाट बघण्यात. सुईने पाणी काढून केलेल्या तपासणीवर लिम्फोमाचा उपप्रकार ठरत नाही. दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ चार ते सहा आठवडे टिकली तर अख्खी गाठ काढून घ्यावी आणि शक्यतो मांडीच्या सांध्यातली सोडून दुसरी निवडावी. गाठीचे तीन भाग करावेत: मोठा भाग फॉर्मेलिनमध्ये, एक तुकडा सलाईनमध्ये क्षयाच्या सीबीनॅट चाचणीसाठी, एक फ्लो सायटोमेट्रीसाठी (पेशींचे प्रकार ओळखणारी चाचणी). क्षयाचा तुकडा चुकून फॉर्मेलिनमध्ये गेला की तो जंतू वाढवण्याच्या कामाचा राहत नाही. ही चूक आजही सर्रास होते. बायोप्सीआधी स्टेरॉइड देऊ नये, गाठ विरघळते आणि निदान अवघड होऊन बसतं. बायोप्सी न होता दगावलेला प्रत्येक रुग्ण लिम्फोमाच्या आकड्यातून वजा होतो आणि क्षयाच्या आकड्यात जमा होतो. अमेरिकेच्या तुलनेत आपला दर कित्येक पटींनी कमी दिसतो. त्यात आपली तरुण लोकसंख्या आणि खरा फरक आहेच, पण न काढलेल्या गाठींचाही मोठा हिस्सा आहे असं माझं मत.

जिल्ह्याचा दर काढायला निघालात तर पुढची अडचण रुग्ण सापडण्याची. नाशिकचा रुग्ण सिव्हिलला दिसतो, बायोप्सी शहरातल्या खासगी लॅबमध्ये होते, स्लाइड परळला टाटाला जातात, केमो महात्मा फुले जनआरोग्य योजनेत तिसऱ्याच रुग्णालयात. एकच माणूस चार ठिकाणी नोंदला जातो किंवा एकाही ठिकाणी नाही. राष्ट्रीय कर्करोग नोंदणीचा नियम साधा आहे: निदानावेळी ज्या भागात किमान वर्षभर राहणं झालंय त्या भागाचा रहिवासी. द्राक्षहंगामात निफाड-दिंडोरीला येणारे मजूर यात बसत नाहीत, मुंबईला भावाकडचा पत्ता लिहून उपचार घेणारा सिन्नरकर बसतो. पत्ता आधारवरून न घेता तोंडी विचारून, तालुका आणि गावासकट लिहावा. पाच वर्षांचे आकडे एकत्र केल्याशिवाय तालुक्याचा दर छापू नये: तीन लाखांच्या तालुक्यात वर्षाला साडेसात रुग्ण अपेक्षित असतील, तर काहीही न बदलता एखाद्या वर्षी तीन आणि दुसऱ्या वर्षी तेरा निघू शकतात. प्रत्येक रुग्णाची एचआयव्ही, एचबीएसएजी (हेपटायटिस बी) आणि हेपटायटिस सीची तपासणी नोंदवावी. एचआयव्हीसाठी २०१७ च्या कायद्याप्रमाणे संमती लागते, ‘केमोआधीच्या रक्तात उरकून घेतली’ हे चालत नाही. आणि रक्त पहिल्या रक्तसंक्रमणाआधी घ्यावं, नाहीतर आलेला संसर्ग आधीचा की नंतरचा हा वाद कधीच मिटत नाही.

द्राक्षपट्ट्यात फवारणीचं काय, हा प्रश्न मागोमाग येतोच. रास्त आहे. लिंडेन या कीटकनाशकाचा नॉन-हॉजकिनशी संबंध जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये मान्य केला आहे. पण फवारणी आणि विषाणू यांचे हिशेब वेगळे ठेवा. फॉर्मवर कोणतं औषध, किती वर्षं, हातमोजे-मास्क होते का हे लिहा. ‘शेतकरी’ एवढ्या एका शब्दावरून काहीही काढता येत नाही.

हेपटायटिस बी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण दरापेक्षा उपचारात तो जास्त जीव घेतो. दीर्घकाळ वाहकांत नॉन-हॉजकिनचा धोका साधारण दोन-तीन पट दिसतो. पण बी-पेशींच्या लिम्फोमावर दिलं जाणारं रिटुक्सिमॅब हे औषध झोपलेला हेपटायटिस बी जागा करतं आणि बरा होत आलेला रुग्ण यकृत निकामी होऊन जातो. म्हणून पहिल्या डोसआधी दोन तपासण्या: एचबीएसएजी (विषाणू सध्या अंगात आहे का) आणि अँटी-एचबीसी टोटल (पूर्वी कधी संसर्ग झाला होता का). लॅबला नुसतं ‘अँटी-एचबीसी’ लिहून दिलं की बरेचदा आयजीएम (फक्त ताजा संसर्ग दाखवणारं) करून मिळतं. ते निगेटिव्ह येतं आणि सगळे निर्धास्त होतात. ‘टोटल’ हा शब्द चिठ्ठीवर ठळक लिहा. एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेल तर प्रतिबंधक औषधाविना जवळपास निम्म्या रुग्णांत विषाणू उसळू शकतो. फक्त अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह असलेल्यांतही दहाजणांत एखाद्यात उसळतो. दोन्ही गटांना एन्टेकाविर ०.५ मिग्रॅ रोज, जेवणानंतर दोन तासांनी आणि पुढच्या जेवणाआधी दोन तास, किंवा टेनोफोविर. रिटुक्सिमॅबचा शेवटचा डोस झाल्यावर किमान १२ महिने, शक्यतो १८, चालू ठेवायचं आणि बंद केल्यावरही वर्षभर दर तीन महिन्यांनी एएलटी (यकृताची रक्ततपासणी) व विषाणूचा डीएनए बघायचा. केमो संपली, गाठ गेली, म्हणून गोळी घरीच थांबवली जाते आणि त्रास नेमका त्यानंतरच्या महिन्यांत होतो. डिस्चार्ज कार्डावर गोळी बंद करायची तारीख लिहिलेली असावी.

प्रश्नातल्या गावाला सांगायचं ते एवढंच: ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, लिम्फोमा एकाचा दुसऱ्याला होत नाही आणि ईबीव्हीवर आज लसही नाही. सरसकट रक्त तपासून पैसे घालवू नका. पैसे आणि श्रम खर्चायचेच असतील तर बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत हेपटायटिस बीची लस मिळते का ते बघा, साध्या सर्दीला सुई टोचून घेणं थांबवा, डायलिसिसवर असलेल्यांची आणि पूर्वी कधी रक्त चढवलेल्यांची हेपटायटिस सीची तपासणी करून घ्या, आणि एआरटीवर असलेल्यांच्या गोळ्या खंडित होऊ देऊ नका. महिनाभर न उतरलेली गाठ असेल त्याला मात्र पुढच्या बाजाराच्या दिवसाची वाट न बघता बायोप्सीला पाठवा.